चित्रातलं बाळ काय पितं?

यशोदा दही घुसळत बसली आहे. घरातल्या दासी दुसऱ्या कामांत गुंतल्यामुळे रवीची दोरी आज तिनेच हातात घेतली आहे. कृष्ण येतो, रवी धरून ठेवतो आणि घुसळण थांबवतो. त्याला भूक लागली आहे आणि आईचंच दूध हवं आहे. यशोदा त्याला मांडीवर घेऊन पाजायला लागते. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जातं. ती त्याला तसाच अर्धपोटी खाली ठेवून चुलीकडे धावते. कृष्णाचा ओठ थरथरतो. रागाच्या भरात तो दगड उचलून मडकं फोडतो. पुढचं सगळ्यांना पाठ आहे: चोरून खाल्लेलं लोणी, माकडं, आईच्या हातातली छडी, दोन बोटं कमी पडणारं दावं आणि उखळ.

भागवताच्या दहाव्या स्कंधातल्या नवव्या अध्यायात गोष्ट याच क्रमाने येते. मुलांच्या पुस्तकांत मात्र तिचा पहिला भाग बहुधा गळालेला असतो. मडकं का फुटलं, तर कृष्ण खोडकर म्हणून. मूळ कारण याहून कितीतरी खरं आहे. आई पाजता पाजता मध्येच उठून गेली, हा राग तीन वर्षांच्या कुठल्याही मुलाला समजावून सांगावा लागत नाही. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला तमिळ प्रदेशातल्या एका कारागिराने यशोदेच्या मांडीवर दूध पिणारा कृष्ण धातूत घडवला. ती चोळकालीन मूर्ती आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. मूर्तीत जे सहज मावलं, ते गोष्टीच्या पुस्तकातून मात्र वगळावंसं वाटतं.

हिरकणीचंही तेच. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी राहिलेलं तान्हं बाळ आणि कडा उतरून जाणारी आई. ही गोष्ट महाराष्ट्रातलं प्रत्येक मूल ऐकतं. तिच्यावरची बहुतेक चित्रं कड्याची असतात: पदर खोचलेला, हात खरचटलेले, खाली काळोखी दरी. पण बाळ अंगावर पिणारं होतं आणि ते भुकेलं असणार, यावर तर सगळी गोष्ट उभी आहे. सकाळपासून न पाजलेल्या बाईला फक्त मनच घराकडे ओढत नसतं. दूध साठून स्तन जड होतात, ठणकतात. बाळाच्या रडण्याच्या आठवणीनेही पान्हा फुटू शकतो. ममता या एका शब्दात आपण हे सगळं गुंडाळतो, आणि घरी पोचून तिने बाळाला पाजायला घेतलं, हे पान काढायचं राहून जातं. तरी मोठ्यांना गोष्टीतलं मर्म बरोबर ठाऊक आहे. नाहीतर एसटी स्थानकांवर आणि सरकारी कचेऱ्यांत बाळाला पाजण्यासाठी केलेल्या खोल्यांना ‘हिरकणी कक्ष’ हे नाव सुचलं नसतं.

मग मुलांच्या पुराणकथांत स्तनपान धडधडीत उरतं कुठे? पूतनेच्या गोष्टीत. तिथे ते गाळताच येत नाही, कारण विष स्तनांतच आहे. परिणामी अनेक मुलांना गोष्टीत भेटणारी पहिली पाजणारी बाई राक्षसीण असते! भागवतकाराने तिच्याबाबत दाखवलेला मोठेपणाही बालआवृत्तीत सहसा उतरत नाही. विषाचा का होईना, तिने स्तन दिला, म्हणून तिला आईची गती मिळाली, असं तिथे सांगितलं आहे. कार्तिकेयाची गोष्ट याहून मजेदार. सहा कृत्तिका एकाच बाळाला पाजायला पुढे आल्या, तेव्हा कुणी नाराज होऊ नये म्हणून त्याने सहा तोंडं केली. लहान मुलांसाठी याहून झकास चित्र कोणतं असेल, मला सुचत नाही.

प्राण्यांच्या बाबतीत मात्र पुस्तकांना कसलाच संकोच नसतो. वासरू गाईला ढुशा देत लुचतं, मांजरीच्या पोटाशी पिल्लांची रांग लागते, डुकरीण आडवी पडलेली असते. शाळेत सस्तन प्राण्यांची व्याख्या पाठ करून घेतात, उदाहरणांत माणूसही असतो, पण शेजारचं चित्र बहुधा गाईचं. अमेरिकेत डिया मिशेल्स यांचं ‘इफ माय मॉम वेअर अ प्लॅटिपस’ हे पुस्तक २००१ साली आलं. वेगवेगळ्या सस्तन प्राण्यांची पिल्लं कशी जन्मतात, काय पितात, कधी स्वतंत्र होतात हे सांगताना त्याने माणसाच्या बाळालाही त्याच रांगेत बसवलं. या विषयात मुलांना रमवणारं इतकं काही आहे की लेखकाला चमचमीत काही शोधायला जावं लागत नाही. प्लॅटिपसच्या मादीला स्तनाग्रंच नसतात. दूध कातडीतून पाझरतं आणि पिल्लं ते केसांवरून चाटतात. कांगारूची आई एकाच वेळी एका आचळातून नुकत्या जन्मलेल्या पिल्लासाठी पातळ दूध देते आणि दुसऱ्यातून उड्या मारणाऱ्या थोरल्यासाठी दाट. डुकराची पिल्लं जन्मल्यावर काही दिवसांतच भांडून आपापलं आचळ ठरवून टाकतात.

जपानी चित्रपुस्तकांनी हा पूल आधीच ओलांडला होता. तात्सुया मियानिशी यांच्या ‘ओप्पाई’ या पुस्तकात हत्तीण, उंदरीण, गोरिला अशा एकेक आया येतात आणि त्यांच्या पाठोपाठ माणसाची आई येते. गेनइचिरो याग्यू यांनी तर स्तन याच विषयावर लहान मुलांसाठी विज्ञानाचं पुस्तक केलं, आणि तेही विनोदी. दोन्हीत प्राण्यांकडून माणसाकडे जाताना सूर बदलत नाही, हे महत्त्वाचं. आपल्याकडे गाईपाशी मोकळा असलेला सूर आईपाशी येताच एकदम भक्तिभावाने भरून येतो.

पुस्तकांतल्या स्तनपानाच्या या अनुपस्थितीचा सगळा दोष सोवळेपणाच्या माथी मारायला मी तयार नाही. चित्रकाराची अडचणही खरी आहे. लहान पुस्तकात बाळ अंगठ्याएवढं काढायचं असतं. त्या आकारात अंगावर पिणारं बाळ आणि कडेवर झोपलेलं बाळ सारखंच दिसतं: डोकं आत वळलेलं, तोंड दिसत नाही. आपल्याकडे त्यावर पदर. एक बाटली काढली की मात्र काम झालं. हे बाळ आहे आणि ते दूध पीत आहे, दोन्ही एका फटक्यात कळतं. म्हणून बाटली ही बाळाची खूणच होऊन बसली. विमानतळावरच्या बाळांच्या खोलीच्या पाटीवर बाटली, बारशाच्या पत्रिकेवर बाटली, वाढदिवसाच्या केकवर साखरेची बाटली, बाहुलीच्या खोक्यात गुलाबी बाटली. पाटीवर काढता येईल असं स्तनपानाचं चिन्ह कुणाला सुचायला २००६ साल उजाडावं लागलं. ‘मदरिंग’ या अमेरिकी मासिकाच्या स्पर्धेत मॅट डेगल यांच्या रेखाटनाची निवड झाली, आणि आता ते अनेक देशांत दिसतं.

गंमत म्हणजे भारतात बाटलीच्या चित्रावर कायद्याची बारीक नजर आहे. १९९२ च्या शिशू दूध-पर्याय, दूधबाटल्या आणि शिशुआहार कायद्याने अशा दुधाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातीला बंदी केली. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दुधाच्या पावडरीच्या डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापता येत नाही. त्याआधी १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीसाठी आंतरराष्ट्रीय आचारसंहिता केली होती, तिला अनुसरून हा कायदा आला. गोष्टीच्या पुस्तकातली बाटली जाहिरात नसते, त्यामुळे ती या कायद्यात येत नाही, आणि येऊही नये. पुस्तकांवर असले नियम लावायला लागलो तर पुढे काय काय काढून टाकावं लागेल, याचा नेम नाही. पण पैसे न मोजता जाहिरातीचं काम कोण करतंय, हे पाहायला हरकत नाही.

बाटलीला जगभर एवढी जागा मिळाली, ती ज्या काळात चित्रपुस्तकांचा धंदा फोफावला त्यामुळेही. १९७० च्या सुमारास अमेरिकेत जन्मलेल्या बाळांपैकी साधारण चौथा हिस्साच रुग्णालयात अंगावर पीत होता. चित्रकार आजूबाजूला जे पाहत होते तेच काढत होते. १९७७ मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या कार्यक्रमात गायिका बफी सेंट-मेरी यांनी आपल्या तान्ह्या मुलाला पाजलं. उंच, पिवळ्या बिग बर्डने काय चाललंय म्हणून चौकशी केली, त्यांनी दोन-चार साध्या वाक्यांत सांगितलं, काही आया असं करतात आणि काही करत नाहीत हेही सांगितलं, पक्ष्याचं समाधान झालं. पन्नास वर्षं होत आली तरी मुलांच्या माध्यमांत या प्रसंगाचं उदाहरण अजून दिलं जातं. तसे प्रसंग पुढे विपुल झाले असते, तर ते देण्याची वेळ आली नसती. १९९९ मधली ब्रिटिश दूरचित्रवाणी आणि वर्तमानपत्रं तपासून ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाटली अधिक वेळा आणि बिनत्रासाची दिसते, साध्या घरांशी जोडलेली दिसते. स्तनपान अडचणीचं, थट्टेचं किंवा सुखवस्तू बायकांचं दिसतं, असं त्यात आढळलं. अभ्यास मोठ्यांच्या माध्यमांचा होता, पण पुस्तकं काढणारी माणसं हीच माध्यमं पाहून वाढलेली असतात. खास बालपुस्तकांबद्दल अ‍ॅन ऑल्टशूलर यांनी १९९५ मध्येच ‘जर्नल ऑफ ह्यूमन लॅक्टेशन’मध्ये लिहिलं. पुस्तकं समाजाची मूल्यं दाखवतात आणि घडवतातही, हा त्यांच्या लेखाचा रोख होता.

भारतात उलटी स्थिती आहे, आणि म्हणून आपल्या पुस्तकांतली बाटली जास्त खटकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार सहा महिन्यांच्या आतल्या ६३.७ टक्के बाळांना फक्त आईचं दूध मिळत होतं. म्हणजे इथल्या मुलाने घरात, एसटीत, लग्नाच्या मांडवात पाजणारी बाई पाहिलेली असण्याची शक्यता मोठी. पुस्तकात मात्र परदेशी चित्रांवरून उतरवलेलं बाळ, परदेशी पाळणा आणि परदेशी बाटली.

आता वाचक कोण, ते पाहू. बाळांवरची पुस्तकं बाळ वाचत नाही. ती ज्याच्यासाठी आणतात तो दोन-तीन-चार वर्षांचा दादा किंवा ताई असते, आणि त्याचं-तिचं राज्य नुकतंच गेलेलं असतं. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण आठ ते बारा वेळा पितं. थोरल्याच्या बाजूने पाहा: जेव्हा पाहावं तेव्हा मांडी अडलेली, आईचे हात अडलेले, आणि उत्तर एकच, “थांब रे, बाळाला पाजतेय ना.” नव्या बाळाच्या पुस्तकात पाळणा असतो, आंघोळ असते, शी-शूचे विनोद असतात. ज्या गोष्टीमुळे थोरल्याचा अख्खा दिवस बदलला, तीच नसते.

इथे लेखकाला बाटली का सोयीची पडते, तेही लक्षात येतं. बाटली दादाच्या हातात देता येते. त्याला काम मिळतं, त्याचा रुसवा जातो, बाबाही चित्रात येतो आणि सोळा पानांत सगळं गोड होतं. अंगावरच्या दुधात थोरल्याला काहीच भूमिका नाही. पण हीच तर गोष्ट! त्याने त्या अर्ध्या तासात काय करायचं? काही मुलं पाठीला टेकून बसतात, काही पुन्हा स्वतःच पिण्याचा हट्ट धरतात, काही आपल्या बाहुलीला सदऱ्याखाली धरतात. मुलगेसुद्धा धरतात, आणि मोठी माणसं हसून त्यांच्या हातातली बाहुली काढून घेतात. स्पेनमधल्या बेर्हुआन कंपनीने २००९ मध्ये अंगावर पिणारी बाहुली काढली, मुलीने फुलं लावलेली पट्टी छातीवर बांधायची आणि बाहुली तिथे लावायची. अमेरिकेत त्यावर गदारोळ झाला. मुलं हा खेळ कंपनी निघायच्या आधीपासून फुकटात खेळत होती.

स्तनपानाचा पुरस्कार करण्यासाठीच लिहिलेली चित्रपुस्तकं इंग्रजीत गेल्या काही दशकांत बरीच निघाली. २००७ च्या ‘मामाज मिल्क’मध्ये मायकेल एल्सन रॉस यांचे शब्द आणि अ‍ॅशली वुल्फ यांची चित्रं आहेत, माणसाच्या आया आणि प्राण्यांच्या आया आळीपाळीने येतात. या जातीच्या पुस्तकांचा हेतू चांगला, पण मला त्यातली बरीचशी कंटाळवाणी वाटतात. सगळ्या आया प्रसन्न, सगळी बाळं तृप्त, उजेड कायम सोनेरी. खरी बाळं चावतात, केस ओढतात, पिता पिता थांबून पंख्याकडे बघत बसतात. आपल्या आरोग्य खात्याच्या भित्तिपत्रकांतही हीच सोनेरी आई असते. ती मोठ्यांना पटवण्यासाठी आहे आणि तिथे ठीक आहे. मुलाला काही पटवायचं नसतं, त्याला फक्त बघायचं असतं.

म्हणून मला ती पुस्तकं आवडतात जिथे हे पानाच्या कडेला, जाता जाता घडतं. जॅनेट आणि अ‍ॅलन आल्बर्ग या ब्रिटिश दांपत्याचं ‘द बेबीज कॅटलॉग’ १९८२ मध्ये आलं. त्यांच्या लहान मुलीला बाळांच्या सामानाचं सूचीपत्रक चाळायचा नाद होता, त्यावरून पुस्तकच सूचीपत्रकासारखं सुचलं. पाच घरं, त्यांतली सहा बाळं आणि सकाळपासून रात्रीपर्यंतचा त्यांचा दिवस, छोट्या छोट्या चित्रांत. त्यात सांडलवंड आहे, वैतागलेले आईबाप आहेत, आणि अंगावर पिणारं बाळही आहे. त्याच्याभोवती ना चौकट आहे, ना उपदेश. अमेरिकेत २००१ मध्ये सुझन मायर्स यांनी लिहिलेलं आणि मार्ला फ्रेझी यांनी चित्रांकित केलेलं ‘एव्हरीव्हेअर बेबीज’ याच जातीचं. बाळांना भरवण्याच्या पानावर बाटली, आईचं अंग, पेला आणि चमचा एकाच ओळीत येतात, कुणालाही वरचा पाट नाही. या पुस्तकाला पुढे एक विचित्र मान मिळाला: २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या वॉल्टन परगण्याच्या शाळांतून काढायच्या पुस्तकांच्या यादीत ते जाऊन बसलं. त्या वेळी बोलणं झालं ते चित्रांत दिसणाऱ्या समलिंगी जोडप्यांवर.

एका ओळीतली ही मांडणी आणखी एका कारणाने मोलाची आहे. वर्गात एखादं मूल वरच्या दुधावर वाढलेलं असतं, एखादं दत्तक आलेलं, एखादं दिवस भरायच्या आधी जन्मून काचेच्या पेटीत राहिलेलं. फक्त आईचं दूधच खरं, असं पुस्तकाने सांगितलं तर त्या मुलाने काय समजायचं? मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. एका आईचं जास्तीचं दूध तिथे दुसऱ्या आईच्या अशक्त बाळाला मिळतं. कृत्तिकांच्या गोष्टीला जोडून मुलांना हे सांगता येईल, आणि त्यांना ते चटकन कळेल.

आक्षेप येणारच. मल्याळम नियतकालिक ‘गृहलक्ष्मी’ने २०१८ मध्ये बाळाला पाजणाऱ्या स्त्रीचं छायाचित्र मुखपृष्ठावर छापलं तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. केरळच्या न्यायाधीशांना त्यात अश्लील काही सापडलं नाही. रविवर्म्याची चित्रं आपण ज्या नजरेने पाहतो त्याच नजरेने त्यांनी ते पाहिलं. मोठ्यांच्या नियतकालिकाचं हे, तर शाळेच्या वाचनालयाचं काय होईल, अशी भीती प्रकाशकाला वाटली तर नवल नाही. पण मराठी चित्रकाराकडे एक तयार वाट आहेच: पदर. पदराखालून बाहेर आलेली बाळाची दोन पावलं काढली, तरी कुठल्याही मुलाला आत काय चाललंय ते कळतं. वर आईच्या दुसऱ्या हातात पाण्याचं भांडं द्यावं, कारण पाजताना तहान लागते. पाजून झालं की बाळाला खांद्यावर टाकून ढेकर काढावी, आणि ते थोरल्याच्या सदऱ्यावर थोडं ओकावं.

शिवाय मुलांचे प्रश्न. दूध संपलं तर? बाळ जितकं ओढतं तितकं पुन्हा तयार होतं. साठा करून ठेवलेला हंडा तिथे नसतो. पहिल्या दिवसांतलं दूध पिवळट का? तो चीक, थोडाच असतो पण बाळाला आजारांपासून जपतो. गाईच्या चिकाचा खरवस थोरल्याने खाल्लेला असतोच. बाबांना का येत नाही? त्यांना स्तनाग्रं आहेत, पण दूध करायला लावणारी संप्रेरकं बाळंतपणात आईच्या शरीरात जशी वाढतात तशी त्यांच्यात वाढत नाहीत. आणि आईने भाजी खाल्ली की दुधाला भाजीची चव येते का? काही अंशी येते. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी १९९१ मध्ये पाजणाऱ्या आयांना लसणाच्या गोळ्या दिल्या. दोनेक तासांनी दुधाला लसणाचा वास येऊ लागला, आणि त्या वेळी बाळं तोंड फिरवायच्या ऐवजी नेहमीपेक्षा जास्त वेळ पीत राहिली.